जिन्याखालचा वर्ग

दोष दोघांचा. एक आमचे हेडमास्तर सरदेशमुख सर, दुसरा माझा बाप. नावं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी 'परिस्थिती'वर ढकलायला नको.

वाशीला नाक्यावर आमी जुने चारजण चहाला भेटलो की त्या वर्गाचे किस्से निघतातच. एकानं एक काढला की दुसऱ्याला दुसरा आठवतो. चहा गार होतो, हसून हसून पोट दुखतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. म्हणजे मी बोलतोय आणि भाल्या लिहितोय. मला पुस्तकातली अक्षरं जागेवर दिसत नाहीत, सरकतात. आजही.

भाल्या म्हणजे भालचंद्र म्हात्रे, कोपरखैरणे गावातला. अक्षर छापल्यासारखं, पण बोलायला गेला की पहिल्याच शब्दाला अडकतो. आत्ता म्हणतो, "तू बोल, मी लिवतो. पन ह-हलू बोल."

* * *

वाशी नवी होती, शाळा त्याहून नवी. भिंतींना रंगाचा वास होता. आठवीपर्यंत कसेबसे ढकलत आणलेले आमच्यासारखे दहा-बाराजण होते. तेव्हा शिंत्रे बाई आल्या. मुंबईत कसलासा खास कोर्स करून आल्या होत्या. हेडमास्तरांना म्हणाल्या, "ही मुलं ढ नाहीत सर. यांची शिकायची रीत वेगळी आहे. रोज दोन तास मला द्या."

सरांनी तास दिले. खोली मात्र जिन्याखालची दिली. छत तिरकं, त्यामुळे मागच्या बाकावर बसणाऱ्यानं उत्तर द्यायला उभं राहायचं नाही, असा नियमच झाला. मधली सुट्टी झाली की अख्खी शाळा आमच्या डोक्यावरून खाली उतरायची. बाई खडू हातात धरून थांबायच्या. आवाज संपला की म्हणायच्या, "हं, गेली हुशार माणसं. आता आपण शिकू."

दारावर पाटी होती, 'अभ्यासतंत्र वर्ग'. सर ती पाटी वाचायचे आणि आम्हाला 'बाईंचा गोतावळा' म्हणायचे.

* * *

बाईंचं पहिलं तंत्र म्हणजे जोडी. ज्याला जे येत नाही ते येणारा शेजारी. मला वाचता येत नव्हतं, भाल्याला येत होतं. म्हणून भाल्यानं वाचायचं, मी ऐकायचं. पण भाल्या एक ओळ वाचायला पाव तास घ्यायचा. चार दिवसांत आमी अर्ध्या पानावर होतो.

बाईंनी विचारलं, "भालचंद्र, तू गातोस का रे?"

तो लाजला. मीच सांगितलं, "बाई, याची आत्या लग्नात धवले गाते. हा तिच्या मागे मागे गातो. तेव्हा नाही अडकत."

"मग त्याच चालीवर वाच."

झालं. आग्र्याहून सुटका आगरी लग्नाच्या चालीवर सुरू झाली. महाराज पेटाऱ्यात बसले, पेटारे निघाले, आणि भाल्या एकदासुद्धा अडकला नाही. तिसऱ्या दिवशी मला धडा तोंडपाठ. आठवड्यात अख्खा वर्ग मिळून गायला लागला.

हेडमास्तर राऊंडवर होते. दारात थांबले. "बाई, लग्न कुणाचं आहे?"

"सर, इतिहास चालू आहे."

"बंद करा. वर नववी 'अ'चा अभ्यास चाललाय."

भाल्या त्यानंतर मनात गायचा आणि ओठ हलवायचा. मी त्याच्या ओठांकडे बघत बसायचो. मनातलं गाणं कुणाला ऐकू येतं?

* * *

आमच्या वर्गाइतक्या सहली शाळेत कुणाच्याच झाल्या नाहीत. साहेब तपासणीला यायचे असले की सकाळीच पीटीच्या सरांना हुकूम यायचा, "यांना निसर्ग निरीक्षणाला न्या." निसर्ग म्हणजे खाडी. तिवराची झुडपं, चिखल, चिखलातले खेकडे. पुन्हा तिवरं. भाल्या त्याच चिखलात लहानाचा मोठा झालेला. त्याला काय निरीक्षण करायचं होतं?

एकदा आमी बांधावर उभे असताना रस्त्यावर जीप थांबली. आतून एक जाडे गृहस्थ उतरले आणि मोकळी हवा खायला आमच्याकडेच आले. तपासणीचे साहेबच होते.

"कुठली शाळा?"

पीटीच्या सरांना घाम फुटला. "आमी नेरूळचे, साहेब."

आमच्या अकराही शर्टांच्या खिशांवर शाळेचं नाव शिवलेलं होतं. साहेबांनी एकेक खिसा वाचला. मग म्हणाले, "नेरूळची मुलं शिस्तीची दिसतात." आणि जीपमध्ये बसून आमच्याच शाळेत तपासणीला गेले.

त्यांनी तिथं काही विचारलं नाही. विचारायचे पैसे त्यांना सरकार देत होतं, पण नाही विचारलं.

* * *

माझ्या आईनं बिल्डिंगमध्ये सांगून ठेवलं होतं, की आमच्या सुनीलला शाळेनं 'स्पेशल क्लास'साठी निवडलंय. नवीन वसाहत, सगळे एकमेकांना नवीन, कोण कुणाला खोटं पाडणार? आमच्या वरच्या मजल्यावर नाडकर्णी काकू राहायच्या. त्यांचा अजित वर्गात पहिला. काकूंचा जीव खाली-वर झाला. तडक शाळेत गेल्या. "सुनीलला स्पेशल क्लास आणि माझ्या अजितला नाही? ही कुठली पद्धत?"

सरांनी समजावलं, की तो वर्ग तसला नाही. काकूंना वाटलं, वशिला आहे म्हणून लपवतायत. शेवटी पालक-सभेत बोलेन म्हणाल्या, तेव्हा सर घाबरले आणि अजितला आठवडाभर आमच्यात बसवलं.

शनिवारी काकूंना खरं काय ते कळलं. जिन्यात आईला गाठून नको नको ते बोलल्या आणि अजितला परत वर नेला. तो जाताना बाईंना म्हणाला, "बाई, मी इथेच बसू का? तुम्ही थांबता. वर कोणी थांबत नाही."

आई त्यानंतर महिनाभर पाणी भरायला खाली उतरली नाही. मीच उतरायचो. काकूंना नमस्कार करायचो, मुद्दाम.

* * *

आता शेवटचा. हा सांगायची पाळी आली की भाल्या उठून चहाचे पैसे द्यायला जातो. आज लिहायचं आहे म्हणून बसलाय.

नववीची वार्षिक परीक्षा शाळेचीच असते. बाईंनी सरांच्या मागे लागून लागून कबूल करून घेतलं, की माझी परीक्षा तोंडी घ्यायची. लेखी दिली तर मी नापास होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नापास झालो तर दाखला देणार, हेही माहीत होतं, कारण सरांना दहावीचा निकाल शंभर टक्के हवा होता. सरांची अट एकच. वडिलांनी येऊन समोर सांगायचं, की माझ्या मुलाला अडचण आहे, तोंडी घ्या.

बाबा हाफ-डे टाकून आले. ऑफिसचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. खुर्चीत बसलेच नाहीत. म्हणाले, "अडचण कसली? आळस आहे. घरी पुस्तक उघडत नाही."

बाई म्हणाल्या, "तुम्ही त्याला काहीही विचारा. आत्ता. मग तुम्हाला कळेल, तो किती शिकलाय."

वर्षभर बाईंनी वाचून दाखवलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं. सरांनी इतिहास विचारला. मी सांगितला. भूगोल विचारला. पाऊस कुठे का पडतो, कापूस कुठे का पिकतो, सगळं सांगितलं. विज्ञानातल्या व्याख्या शब्दाला शब्द सांगितल्या. मधे सर स्वतःच एक राजा विसरले, तोही मी सांगितला. बाईंचे डोळे भरून आले होते. माझ्या जन्मात मी इतकं छान कधी बोललो नव्हतो.

बाबांची छाती फुगली. सरांना म्हणाले, "पाहिलंत? डोकं कसं शाबूत आहे. याला सवलत कशाला हवी? सगळ्यांसारखी लेखी द्यायची."

"बाबा, मला लिहिता येत नाही," मी म्हणालो.

"गप्प बस. एवढं येतं आणि लिहिता येत नाही म्हणे."

"मी सांगतेय तुम्हाला, पेपर समोर आला की त्याला—" बाई बोलत होत्या.

सरांनी हात वर केला. "बाई, वडिलांचंच म्हणणं तसं असेल तर आपण कोण?"

बाहेर आल्यावर बाबांनी मला उसाचा रस पाजला. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सहाही लेखी विषयांत मी नापास झालो. शाळेनं दाखला दिला. मी आता तुर्भ्याला कंपनीत हेल्पर आहे, आणि ऑपरेटर व्हायला दहावी पास लागते.