दुर्गाकाकींची सही

सुभद्राच्या खानावळीला पाटी नाही. घोडपदेवच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतची खोली. दुपारी बाराला कुळथाच्या पिठीचा वास सुटला की ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं. सासूने गिरणीवाल्यांसाठी सुरू केलेली ही खानावळ सुभद्राने शिवडीच्या गोदामातले हमाल, कुरिअरवाले आणि एटीएमबाहेरचे वॉचमन यांच्यासाठी चालू ठेवली. रोजची पस्तीस ताटं. सासूचा एकच नियम होता, भात पोटभर. नवरा गेला त्या वर्षीही सुभद्राने तो मोडला नाही.

आता भात काही शब्दांवर शिजत नाही. त्याला गॅस लागतो, आणि गॅसचा कायदा असा की घरच्यांसाठी शिजवाल तर लाल सिलिंडर, विकायला शिजवाल तर निळा. निळा किलोमागे जवळजवळ दीडपट महाग, शिवाय त्याचा भाव एक तारखेला बदलतो. आखातात कुठे ठिणगी पडली की इकडे घोडपदेवला आमटी पातळ होते. लाल सिलिंडरचा भाव मतांकडे बघून सांभाळायचा आणि निळ्याला वाऱ्यावर सोडायचं, ही सगळ्याच सरकारांची रीत. वॉचमनला सत्तर रुपयांत जेवू घालणारी बाई त्यांच्या लेखी पंचतारांकित हॉटेलची सख्खी बहीण! मागे एकदा सुभद्राने सत्तरचे ऐंशी करून पाहिले, तर आठ दिवसांत अकरा माणसं वडापाववर गेली. त्यांचे पगार तरी कुठे वाढले होते?

म्हणून ती लाल सिलिंडरवर शिजवते. हा गुन्हा आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. मजल्यावरच्या अकरा खोल्यांपैकी पाच खोल्यांची गॅसची पुस्तकं तिच्याकडे चालतात. ज्यांना वर्षाचे सगळे सिलिंडर लागत नाहीत ते आपल्या नावावर नोंदवतात आणि सुभद्राला देतात. पैसे ती भरते, वर सणावाराला वडे-सागोती पोचवते. या व्यवहाराबद्दल मोठ्याने कोणी बोलत नाही.

सगळ्यात जास्त सिलिंडर शेजारच्या दुर्गाकाकींचे. काकी एकट्या, वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. त्यांना गॅस चहापुरताच लागतो. दोन वेळचं ताट सुभद्राकडून जातं. सिलिंडर आला की त्यांच्या फोनवर सिलिंडरवाल्याला सांगायचे चार आकडे येतात. काकी चष्मा लावून ते आकडे दारातून असे खणखणीत ओरडतात की खालच्या पानवाल्यालाही पाठ व्हावेत.

यंदा चाळीत पाईपचा गॅस यायचं ठरलं. कमिटीचा सेक्रेटरी हितेंद्र फॉर्म घेऊन दारोदार फिरू लागला. पाईप गॅलरीतून प्रत्येक खोलीच्या भिंतीवरून जाणार, म्हणून मजल्यावरच्या सगळ्यांची संमती हवी. एक जरी सही कमी पडली तरी मजला राहिला. आणि पाईप आला की लाल सिलिंडर परत करायचा.

सगळ्यांना आनंद झाला. समोरची अनुजा बँकेत जाते. सिलिंडरसाठी अर्धी रजा टाकायचं तिचं संपणार होतं. काकी तर महिनाभर आधीपासून म्हणत होत्या, "नळासारखो गॅस घरात बघूक मिळालो, काय बरा होयत!" पाचही पुस्तकं एकदम बंद होणार, याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. आलाच असेल तर, सुभद्रावहिनी धंदेवाली बाई, घेईल निळा, एवढाच.

सुभद्राने सगळे रस्ते बघितले. घरगुती पाईपवर पस्तीस माणसांचा भात शिजवला तर मीटर दुसऱ्याच महिन्यात चुगली करणार. धंद्याचा पाईप मागावा तर परवाना हवा, आणि राहत्या खोलीला तो कोण देतो? निळा घ्यावा तर भात मोजून वाढायचा. सही केली नाही तर ज्यांनी वर्षानुवर्षं सिलिंडर दिले त्यांच्याच चुलीत पाणी ओतायचं. इकडे आड, तिकडे विहीर. हितेंद्र आला तेव्हा "दोन दिवसांनी ये रे" म्हणून तिने त्याला चहा पाजून घालवला.

ते दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मन घट्ट केलं. हितेंद्र आला, तिने पेन हातात घेतलं, फॉर्म ओट्यावर ठेवला.

"बरं झालं वहिनी," हितेंद्र म्हणाला. "आता फक्त दुर्गाकाकी. त्या नाहीच म्हणतायत यार. म्हणे, 'माका त्या पायपाचा भय वाटता, निजल्यावर फुटलो तर?' डोकं आउट झालं माझं."

सुभद्राचा हात थांबला. दुर्गाकाकींना भीती? गिरणीच्या संपात पोलिसाची काठी धरून ठेवणारी बाई ती! काकींनी पाचही पुस्तकांचा हिशेब केला होता. मजल्यावर त्या एकट्यांनीच केला होता.

सही करून शेजारी जावं, काकींनाही समजवावं, असं सुभद्राच्या मनात आलं. खरंच आलं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "मग त्यांची होऊ दे आधी. म्हाताऱ्या माणसाला डावलून मी कशी करू?"

हितेंद्रला ते पटलं. चाळीलाही पटलं. सुभद्रावहिनी मोठ्या मनाची, आणि दुर्गाकाकी हेकट म्हातारी, असा निकाल संध्याकाळपर्यंत गॅलरीत लागला. अनुजा काकींशी बोलेनाशी झाली. काकींचं दूध ती वर आणायची, तेही बंद झालं.

सोमवारी काकींच्या नावाचा सिलिंडर आला. काकींनी चष्मा लावला आणि दारात उभं राहून चार आकडे ओरडले, नेहमीसारखेच. अनुजा कुलूप लावून निघाली होती. "ओरडा, ओरडा," ती म्हणाली, "तुमच्यामुळे आम्ही सगळे या डबड्याला बांधलेले!" दोन-तीन दारांतून हसू आलं.

काकींनी मान वळवून सुभद्राकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं. सुभद्राने बोलायला तोंड उघडलं. आत पस्तीस माणसांच्या भाताचं आधण ठेवायचं होतं, नव्या सिलिंडरचा वायसर तपासायचा होता. ती सिलिंडर गडगडवत आत घेऊन गेली.

त्या दिवशी काकींच्या ताटात तिने तळलेल्या बांगड्याचे दोन तुकडे घातले. ताट परत आलं तेव्हा भात, आमटी सगळं संपलेलं होतं. एक तुकडा मात्र कडेला तसाच ठेवलेला होता.

"माझो रोजचो एकच," काकी दारातून म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी दार लोटून घेतलं.