आमदार कुठे ठेवलेत?

कुवेत सिटीतल्या आमच्या ऑफिसात एक इटालियन इंजिनीअर आहे. एकदा जेवताना तो म्हणाला, की त्याच्या प्रदेशाच्या सरकारमधल्या दोन पक्षांचं फाटलंय. झालं! मी आणि माझा रत्नागिरीचा सहकारी, दोघांनीही डबे बाजूला सारले. हा तर आमचा हातखंडा विषय.

"मग आमदार कुठल्या हॉटेलात ठेवलेत?" मी विचारलं.

त्याला काही कळेना. रत्नागिरीकराने हातवारे करून आमची पद्धत समजावली: आधी बस, मग विमान, मग रिसॉर्ट, काढून घेतलेले मोबाइल आणि सकाळी सकाळी शपथविधी! इटालियन हसता हसता खुर्चीवरून घसरायचा बाकी राहिला. त्याच्याकडे म्हणे सरकारच्या प्रमुखाला लोकच थेट निवडतात. आमदारांनी त्याला पाडलं, तर त्यांचीही आमदारकी जाते.

"अरेरे, मग मजा काय राहिली?" रत्नागिरीकर इतका कळवळून म्हणाला, की मला ठसका लागला.

"दोन महिन्यांपूर्वी प्रमुखानेच राजीनामा दिला," इटालियन डोळे पुसत म्हणाला, "म्हणून सगळी निवडणूक पुन्हा. मी उद्या निघतोय, दोन दिवस रजा टाकून."

"घरी लग्न आहे?"

"मत द्यायला. इथून देता येत नाही ना."

इथून आम्हालाही देता येत नाही. सतरा वर्षांत मी रजा टाकून तीन लग्नांना आणि दोन बारशांना गेलोय.

"तुम्ही गेल्या वेळी कोणाला दिलंत?" त्याने सहज विचारलं.

आम्ही दोघांनी डबे पुन्हा पुढे ओढले.