तनुजानं एका कंसात बांधलेली तूर

आमची तनुजा एका जागी बसली असं कुणी सांगितलं, तर मी त्याच्या तोंडात साखर घालीन. जेवायला बसली तरी एक पाय दारात. माझ्या बहिणीची पोरगी, देगलूरची. लातूरला माझ्यापाशी राहती अन् रामलिंगअप्पांच्या दाळमिलमधी कंप्युटरवर आकडेमोड करती. नोकरी अजून कच्ची. ह्या हंगामात काम पटलं तर पक्की करू, असं अप्पा म्हणालेले.

काम काय, तर तुरीचं खरेदी केंद्र कुठं टाकायचं ते सांगायचं. मिलची माणसं गावोगाव हिंडून, काय पेरलं ते विचारून आली. जो जे म्हणाला ते तसंच उतरवलं. तनुजाचं काम आर नावाच्या कंप्युटरच्या भाषेत चालतं. मला तिनं समजावलं, म्हणजे माझी भाजी करपवली. एकेक शब्द अवतरणचिन्हात घालायचा, मधी स्वल्पविराम, समद्याला कंस, कंसाच्या म्होरं बारका सी. झाली शब्दांची माळ. मग मशीनला म्हणायचं, ह्यातलं जे दिसंल ते मोज.

मोजलं. देगलूरकडं तूर जवळपास न्हाईच निघाली. अप्पांनी तिथलं केंद्र रद्द करायचं ठरवलं अन् हिला शाबासकी दिली. बाई हवेत.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, औंदा कंदी लई फुललीय. तनुजाचा घास हातातच राहिला. देगलूरकडं तेलुगू घरात तुरीला कंदी म्हणतात, कानडी घरात तोगरी. लगीन होऊन तिकडं गेल्यापासून माझी बहीण बी कंदीच म्हणती. तेच वरण खाऊन वाढलेली ही शहाणी लातुरात आली, अन् माळेत नुसती 'तूर' घालून बसली.

तिनं तिन्ही नावं एका कंसात बांधली. पुन्हा मोजलं, तर देगलूर समद्यात वर.

मग जिवाला घोर. सांगावं तर स्वतःच्या गावाची बाजू घेती म्हणतील, गप बसावं तर गावाचं केंद्र जातंय. घरभर येरझाऱ्या. मी म्हटलं, जा बाई एकदाची, शेजारीण विचारून राहिली घरात लगीन हाय का म्हणून.

गेली. व्हायचं तेच झालं. अप्पा म्हणाले, "तुझं गाव आलं की तूर उगवली व्हय गं?"

"अप्पा, तुमच्या घरी अक्का काय म्हणतात तुरीला?"

अप्पा निलंग्याकडचे, घरात कानडी. तिथं बी तोगरीच. मग तोगरी सांगितलेल्या एका शेतकऱ्याला स्वतःच फोन लावला, कानडीत बोलले, फोन ठेवला.

"केंद्र टाकू. पर माल आला न्हाई, तर तू बी यायचं न्हाई."

आता पोरगी रोज देगलूरला फोन लावून राहिली. शेंगा भरल्या का, अळी पडली का, आभाळ आलंय का. काल तर आईला बांधावर धाडलं बघून यायला. माझी बहीण मला म्हणाली, "अगं, उद्या नवरा केला तर त्याची बी एवढी चौकशी करायची न्हाई ही."