गाळपेरीतला गोल्फ

वजीरभाई एसटीचे ड्रायव्हर होते, एवढंच सांगून मी थांबलो की ते मला कोपरानं ढोसतात. "मास्तर, काठीचं बी सांगा की." मग सांगावंच लागतं. खरं तर मलाही तेच सांगायचं असतं.

मी शंकरराव, शिरूर डेपोचा रिटायर कंडक्टर. आमच्या लाइनीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. शिरूर-दौंड गाडीवर आमची जोडी इतकी वर्षं होती की एक जण रजेवर गेला तर प्रवासी दुसऱ्याला त्याची तब्येत विचारायचे. वजीरभाईंचा एकच हट्ट होता. माझी डबल बेल वाजल्याशिवाय ते गाडी जागची हलवायचे नाहीत. कंट्रोलर हात हलवून दमला, मागच्या गाडीनं हॉर्न वाजवून वाजवून गळा काढला, तरी हे स्टिअरिंगवर हात ठेवून शांत. "मास्तरची बेल न्हाई," एवढंच म्हणायचे. नूरबीभाभी म्हणतात, घरातही ताटावर दोनदा चमचा वाजवल्याशिवाय हा माणूस जेवायला उठत नाही.

तर हा माणूस साठी उलटल्यावर गोल्फ खेळायला लागला. हसू नका. मीही आधी हसलो होतो.

झालं असं की रिटायर झाल्यावर ते रांजणगावच्या एका कंपनीत परदेशी साहेबाची गाडी चालवायला लागले. साहेब रविवारी पुण्याला खेळायला जायचा आणि हे झाडाखाली बसून बघायचे. मुदत संपली तसा साहेब मायदेशी निघाला. जाताना यांना जुन्या काठ्यांची पिशवी, पोतंभर बॉल आणि एक माहिती देऊन गेला. हा खेळ पहिल्यांदा समुद्राकाठच्या चराऊ रानात खेळत होते म्हणे, आणि तिथलं गवत मेंढरंच कापायची. दुसरा कुणी असता तर पिशवी भंगारात घालून मोकळा झाला असता. वजीरभाई त्याच संध्याकाळी माझ्या दारात.

"मास्तर, पानी, वारा आन् मेंढरं. आपल्याकडं काय कमी हाय?"

"समुद्र," मी म्हणालो.

"बसा स्कूटरवर."

त्यांनी मला घोड धरणाच्या मागच्या अंगाला नेलं. थंडी सरली की तिथलं पाणी हटायला लागतं आणि खालून जमीन वर येते. आमच्याकडं तिला गाळपेर म्हणतात. गाळ चांगला असेल तिथं लोक काहीबाही पेरतात. पण या टोकाला मुरूम होता, आणि मुरमावर सगळीकडं हरळी माजलेली. बन्सी मेंढक्याची मेंढरं ती खाऊन खाऊन अशी बारीक ठेवायची की नुकतीच हजामत केल्यासारखी दिसावी. समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ पुसट, वाऱ्यानं लाटा उठतायत, काठाला शिंपले पडलेत आणि आसपास माणूस नाही. तालुक्यात इतकी वर्षं तिकिटं फाडली, पण ही जागा मला माहीत नव्हती. मी वहाणा काढून हातात घेतल्या आणि नुसताच चालत सुटलो.

वजीरभाईंनी बॉल ठेवला, काठी धरली आणि मान वर करून माझ्याकडं बघत राहिले. मला कळेना हा माणूस थांबलाय कशाला.

"मास्तर, बेल."

मी तोंडानं टण टण केलं. काठी फिरली.

बॉल नीट बसला की हाताला काही जाणवतच नाही हो. नुसता खट् आवाज होतो, आणि तो पांढरा ठिपका वर जातो, वर जातो, वाऱ्यावर जरा रेंगाळतो आणि लांब हिरव्यावर टप्पा घेऊन पळत सुटतो. माझ्या अंगावर काटा आला. हसायला आलेला मी, पुढच्या मिनिटाला "द्या इकडं" म्हणून काठी ओढून घेत होतो. माझा पहिला बॉल बन्सीच्या एडक्याच्या पुढ्यात पडला. बन्सीनं आधी माझ्या सात पिढ्या काढल्या, मग एडक्याला वळसा घालून बॉल आणून दिला आणि विचारलं, "आता कुणाची पाळी?" त्या दिवसापासून तो आमचा पंच.

गोट्यांच्या खेळात जमिनीत करतात ना, तशा नऊ गली आम्ही केल्या. प्रत्येकीत दूध पावडरीचा डबा पुरला. एक नंबर बाभळीपाशी, दोन नंबर बन्सीच्या वाघरीमागं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीमागं, असं करत करत नऊ नंबर. या नऊ नंबरनं वजीरभाईंची झोप उडवली. तिथं पाण्याची एक रुंद जीभ आत शिरलेली, आणि गल तिच्या पलीकडं. एका फटक्यात पाणी ओलांडायचं. मी आपला काठाकाठानं वळसा घालून जायचो, मला कसली आली लाज. वजीरभाई मात्र समोरूनच मारणार, आणि बॉल पाण्यातच जाणार. डुबुक. "उद्या," म्हणायचे आणि पिशवी उचलायचे. मुलगा अझरुद्दीन पुण्याहून जुने बॉल धाडायचा आणि हे ते धरणाला वाहायचे.

पावसाळ्यात धरण भरलं की सगळं मैदान पाण्याखाली. पुढच्या वर्षी पाणी हटलं की कुठं चर पडलेला, कुठं उंचवटा वाहून गेलेला. मग पुन्हा नव्यानं गली. वर्षाचे ते चार महिने वजीरभाईंच्या चालण्यात असा जोर यायचा की मागून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाची लग्नतिथी ठरलीय.

यंदा बन्सीनं तक्रार केली की गली लांबून दिसत नाहीत, झेंडे लावा. झाली पंचाईत. रंग कुठला घ्यायचा? भगवा लावला तर विचारतील का लावला. हिरवा लावला तर वजीरभाईंना विचारतील. निळा लावला तर मला. पांढरा लावून हार मानायची आमची तयारी नव्हती. शेवटी दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, लाल. आपल्या एसटीचा रंग. लाल डब्यात सगळेच बसतात, त्याला कुणाची हरकत? नूरबीभाभींनी जुनी लाल चादर फाडून फडकी करून दिली. संध्याकाळी ती नऊ फडकी वाऱ्यावर फडफडताना बघून आम्ही दोघं म्हातारे पोरांसारखे खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर एकही झेंडा जागेवर नाही. बाभळीखाली पंधरावीस माणसं उभी. पुढं बाळासो, जवळच्या वस्तीवरचा शेतकरी, काखेत आमच्या सगळ्या झेंड्यांची मोळी. त्याच्या बाजूला दगडावर त्याची आई, सोजरबाई, ऐंशीच्या घरातली. बन्सी पार मागं, मेंढरात तोंड लपवून.

"कुठली कंपनी?" बाळासोनं विचारलं.

"कसली कंपनी?" मी म्हणालो.

"लाल झेंडं मोजनीवाल्याबिगर कोन लावतं? एमआयडीसी येनार का रस्ता जानार, त्ये सांगा."

माझं डोकं तापलं. नऊ फडकी काय आणि एमआयडीसी काय. मी बाह्या वर करत होतो तेवढ्यात वजीरभाईंनी माझा दंड धरला, कारण म्हातारी बोलायला लागली होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मी नवी नवरी व्हते तवा असंच लाल झेंडं लागलं आमच्या रानात. मानसं आली, म्हनली नुसती मोजनी हाय. माझ्या हातचा चा पिऊन गेली. मग पानी आलं." तिनं पाण्याच्या त्या जिभेकडं बोट केलं. "हितं व्हतं आमचं रान. आता ऱ्हायलंय वरचं यवढंसं, त्याला बी झेंडं लावता व्हय?"

तीच ती जीभ, नऊ नंबरची, जिच्यात आम्ही इतकी वर्षं बॉल घालवत होतो. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

वजीरभाईंनी पिशवी खाली ठेवली. "मावशी, आमी रिटायर एसटीवाले. ह्यो खेळ हाय. तुमी नगं म्हनला तर आत्ता पिशवी स्कूटरला बांधतो, पुन्हा पाय ठेवनार न्हाई हितं. पर एकडाव बघा, मग सांगा."

ते अगदी साधेपणानं बोलले, पण मी त्यांना ओळखतो. म्हातारी नको म्हणाली असती तर त्या चार महिन्यांशिवाय ते कसे जगले असते, मला विचारही करवत नव्हता.

सोजरबाईनं डोळे बारीक केले. "शिरूर गाडीचं डायवर न्हाई का तुमी? आन् ह्ये मास्तर. माझ्या कोंबड्यांचं बी तिकीट फाडलं व्हतं यानं."

"नियम होता," मी म्हणालो. लोक हसले, बाळासोसुद्धा. माझं म्हणणं आजही तेच आहे, नियम होता.

"खेळा बघू," म्हातारी म्हणाली.

आता सोपी गल दाखवायची की नाही? बाभळीपाशी, सरळ, हमखास. पण हे महाराज निघाले थेट नऊ नंबरकडं, आणि सगळी माणसं त्यांच्या मागं. मेंढरंसुद्धा. बॉल ठेवला. काठी धरली. समोर पाणी, वारा तोंडावर. आणि माझ्याकडं बघत थांबले.

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. जीभ टाळूला चिकटलेली, टण करायला जावं तर नुसती हवा. तो माणूस बेलशिवाय हलणार नव्हता आणि बेल वाजत नव्हती. लोक चुळबुळायला लागले.

तेवढ्यात टक टक असा आवाज आला. सोजरबाईनं कमरेची पितळी मिसरीची डबी काढून आपल्या टेकायच्या काठीवर दोनदा आपटली होती. "डबल झाली," ती म्हणाली. "चला."

काठी फिरली. असा फटका मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. बॉल उठला, सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या, मी ओरडलो का बन्सी ओरडला कोण जाणे, आणि ऐन वर असताना वाऱ्यानं त्याला धरलं. पलीकडच्या काठाच्या जरा अलीकडं, डुबुक.

मी डोळे मिटून घेतले. संपलं म्हटलं.

"हिरीपशी पडला," सोजरबाई म्हणाली.

मी डोळे उघडले. ती दगडावरून उठून पार पाण्याच्या कडेला गेली होती, कपाळावर हात धरून बघत होती.

"कुठल्या हिरीपशी?" बाळासोनं विचारलं. साठ वर्षांचा घोडा, पण ती विहीर त्यानं कधी पाहिली नव्हती.

"आपल्याच. तिकडं बघ. हीर, तिच्या अंगाला चिच, आन् अलीकडं खळं." मग ती वळली आणि वजीरभाईंना म्हणाली, "आनखी एक टाका. जरा डावीकडनं."

वजीरभाईंनी टाकला. "गोठ्यात," म्हातारी म्हणाली. आणखी एक. "ह्यो बांदावर. ह्या बांदापायी माझं आन् थोरल्या जावंचं भांडान व्हायचं." लोक आता कडेला दाटी करून उभे. बाळासो विचारतोय, आई, घर कुठं, उंबरा कुठल्या अंगाला, आणि ती सांगतेय, आणि वजीरभाई घाम पुसत एकेक बॉल मारतायत, टक टक आणि खट्, टक टक आणि खट्. एकही पाणी ओलांडून गेला नाही. पण इतक्या आनंदानं बॉल पाण्यात घातलेला माणूस जगात दुसरा नसेल.

पोतं रिकामं झालं तेव्हा बाळासोनं काखेतली मोळी सोडली आणि विचारलं, "कुठला झेंडा कुठं व्हता, त्ये दाखवा."

आता सोजरबाई रोज दुपारी येते. बेल तिच्याकडं गेली, माझी बदली झाली म्हणा ना. आणि गेल्या आठवड्यात ते झालंच. वारा पाठीचा होता, टक टक झालं, खट् झालं, आणि बॉल पाण्यावरून सरळ पलीकडं गेला, हरळीवर दोन टप्पे घेऊन झेंड्याशी थांबला. मी वजीरभाईंना मिठी मारली. बन्सीनं पागोटं उडवलं. एवढ्या वर्षांचं ते "उद्या" आज आलं होतं, आणि माझा ड्रायव्हर लहान पोरासारखा रडत हसत होता.

सोजरबाई तेवढी दगडावर बसून पाण्याकडंच बघत होती.

"मावशी, गेला की पलीकडं," वजीरभाई म्हणाले.

"गेला," ती म्हणाली. "आज रानात काय पडला न्हाई."

वजीरभाईंनी डोळे पुसले. झेंड्याकडं एकदा मन भरून बघितलं. मग खिशातून दुसरा बॉल काढून गवतावर ठेवला आणि काठी धरली.

"कुठं टाकू मावशी? हिरीत का खळ्यावर?"

"खळ्यावर," ती म्हणाली, आणि डबी दोनदा वाजवली.