हिरोची तब्येत आणि सायत्राची सीडी

एक चांगला धडधाकट माणूस कधी मरतो, याची आम्ही तिघांनी अहेरीत बसून कित्येक महिने वाट पाहिली. त्याच्याशी आमचं वैर नव्हतं. उलट तो आमचा लाडका हिरो. पण तो गेल्याशिवाय त्याच्या जुन्या सिनेमाची सीडी निघणार नव्हती, आणि ती सीडी निघाल्याशिवाय मला माझी बायको दिसणार नव्हती.

(सिनेमाचं नाव लिहीत नाही. हिरो अजून आहे. त्याच्या घरच्यांच्या हाती हा कागद पडला तर मी कोणतं तोंड दाखवू?)

मी चौथी शिकलेला माणूस, लिहिताना बैलगाडी आडवी जाते. म्हणून मुळापासून सांगतो. माझी बायको सायत्रा पोळ्याच्या आधी गेली. बेचाळीस वर्षांचा संसार आणि मागे फोटो एकच, निवडणुकीच्या कार्डावरचा. त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. तोच मोठा करून भिंतीवर लावला, तर माझा पोरगा विलास म्हणाला, "बाबा, काढा थे. माय अशी नोती." बरोबर होतं. काढला. भिंतीवर खिळा राहिला.

पण सायत्रा सिनेमात होती. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुंबईची कंपनी आलापल्लीच्या जंगलात शूटिंगला आली. बाजाराचा सीन होता. हिरोइनीच्या मागे टोपल्या घेऊन चालायला पाच बाया पाहिजे होत्या, त्यात सायत्रा निवडली गेली. मी तेव्हा लाकूड डेपोत हातोडा मारायला होतो. हातोडा मारणं म्हणजे तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावर नंबराचा छाप ठोकणं. दिवसभर ठोकायचो, घरी जेवायचो, झोपायचो. झोप मला देवानं सढळ हातानं दिली आहे.

पुढे तो सिनेमा चंद्रपूरच्या टॉकीजला लागला. आम्ही बसनं गेलो. आदल्या दिवशी मी दोन ट्रक लाकूड भरलेलं, आणि टॉकीजची खुर्ची म्हणजे पाठ टेकायची माझ्या आयुष्यातली पहिली खुर्ची. हिरो घोड्यावरून उतरला, एवढं आठवते. जाग आली तेव्हा झाडूवाला माझ्या पायाखालची शेंगांची फोलपटं काढत होता.

त्यावर सायत्रा चाळीस वर्षं बोलली. पाहुणे आले की हटकून. "मी पडद्यावर आली अन् हा माणूस घोरून राह्यला होता. लोकं पडदा सोडून याच्याकडं पाहत होते."

"तू काय केलं त्यात, ते तं सांग," मी म्हणायचो.

"जे घरी करते तेच," एवढं बोलून ती पदर तोंडाला लावायची आणि हसत चुलीकडे जायची. मी समजलो, टोपली वाहिली असेल.

ती गेल्यावर घर खायला उठलं. म्हणून मी युसूफ टेलरच्या दुकानात जाऊन बसू लागलो. तिथे सिनेमे जमवणाऱ्यांची पंचायत भरायची. पंचायत म्हणजे दोघंच. एक युसूफभाई. त्याच्याकडे ट्रंकभर व्हिडिओ कॅसेटी, मधे मधे कडुनिंबाचा पाला घातलेला. व्हीसीआर कधीचा बंद पडला होता. "जमवायची चीज अलग, पाहायची अलग," असं तो म्हणायचा. दुसरे नाकाडे गुरुजी, रिटायर मास्तर. त्यांच्याकडे तीनशे सीड्या, हिरोइनीच्या वयाप्रमाणे लावलेल्या. हिरोइनीचं वय वाढलं की गुरुजी कपाट नव्यानं लावायचे.

हे दोघं सिनेमा पाहत नसत. कोणता सिनेमा सीडीवर कधी येणार, यावर फक्त बोलत. मी माझ्या सिनेमाचं नाव काढलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसा डॉक्टर कंपाउंडरकडे पाहतो.

"कठीण हाय, तुळशीराम भाऊ," गुरुजी म्हणाले. "रिळं धुवाले दिली हायत."

"कोनाले?"

"थे गुप्त हाय."

"मैं कहता, ईदले येते," युसूफभाई म्हणाला.

"दिवाळीले. कंपनीचा मालक गुजराती हाय, तो मुहूर्तावरच काढल."

"तुमाले कसं मालूम?"

"अनुभव," गुरुजी म्हणाले. ते उभ्या आयुष्यात नागपूरच्या पुढे गेलेले नव्हते.

दिवाळी गेली. ईद गेली. होळी पण गेली. प्रत्येक सणाला मी नवा सदरा घालून सीडीच्या दुकानात जायचो आणि तोच सदरा घेऊन परत यायचो. मग एका दिवशी गुरुजींनी त्यांचं खरं शास्त्र बाहेर काढलं. हिरो मेला की तीन महिन्यांत कंपनी त्याचे सगळे सिनेमे बाजारात आणते. लोक हळहळतात, हळहळीत घेतात. जिवंत हिरोचा जुना सिनेमा काढण्यात कंपनीला काय रस?

"म्हणजे तो मरावा लागल?" मी विचारलं.

"आपण काई म्हनत नाई," गुरुजी म्हणाले. "आपण फक्त पेपर वाचायचा."

त्या दिवसापासून आम्ही पेपर मागच्या पानावरून वाचू लागलो. आणि वैशाखात बातमी आली. गुरुजी भर उन्हात सायकल हाणत आले, धापा टाकत म्हणाले, "तुळशीराम भाऊ, हिरो दवाखान्यात भरती झाला. आली म्हणून समज."

"तौबा तौबा," युसूफभाईनं कानाला हात लावले. "आदमी बीमार हाय अन् तुमी काय बोलून राह्यले?" मग थोडं शिवलं, सुई काढली, आणि हळूच विचारलं, "कोन्त्या खोलीत ठेवलं? आयसीयूत असंल तं पोळ्याच्या आत सीडी येते."

मी तिथून उठलो तो सरळ पोस्टात. सायत्राचं वर्षश्राद्ध पोळ्याच्या आधी येत होतं. सगळ्या नातेवाइकांना कार्डं टाकली: 'कै. सायत्राबाईचे वर्षश्राद्ध. जेवणानंतर तिचा सिनेमा दाखवण्यात येईल.' गोंडपिपरीपासून सिरोंच्यापर्यंत एक घर सोडलं नाही. एक वर्ष झालं, सगळ्यांनी मिळून तिला पाहावं. आणि मी एकदा तरी जागेपणी पाहावं.

विलासला हे कार्डं गेल्यावर कळलं. "बाबा, सीडी कुठी हाय?"

"येऊन राह्यली."

"कुठून?"

"दवाखान्यातून," माझ्या तोंडून निघून गेलं.

मग सुरू झाला हिरोचा छळ. सोमवारी पेपरात आलं, प्रकृती चिंताजनक. आम्ही चहा मागवला. बुधवारी आलं, सुधारणा. शनिवारी, हिरोनं पेज घेतली. युसूफभाईनं पेपर चुरगाळून कापडाच्या चिंध्यांत टाकला. मीही वैतागून म्हणालो, "हा माणूस काई खरा नाई!"

म्हटलं आणि दुसरी एक पेज आठवली. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी अकरा दिवस सायत्राच्या उशाशी बसलो होतो. तिनं एक चमचा पेज घ्यावी म्हणून देवाशी भांडलो होतो. तिनं घेतली नाही. आणि इथे दुसऱ्याच्या बायकोच्या नवऱ्यानं पेज घेतली तर माझं पित्त खवळलं. त्या दिवशी मी दुकानातून लवकर उठलो. (दुसऱ्या दिवशी परत गेलो. खोटं कशाला सांगू!)

पंधरवड्यानं हिरो घरी आला. पेपरात फोटो, हातात फुलांचा गुच्छ, सगळे दात बाहेर. इतका तजेलदार तो घोड्यावरून उतरतानाही दिसला नव्हता.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. पाहुणे जेवणासाठी कमी आणि सिनेमासाठी जास्त आलेले. म्हाताऱ्या आत्यासुद्धा चष्मे पुसून घेऊन आलेल्या. मांडवात विलासनं शेजारचा टीव्ही आणि प्लेयर आणून ठेवला, त्याला हारही घातला. जेवणं झाली. पंगत उठली ती टीव्हीपुढेच बसली. दोन वाजले होते, आणि तीन वाजता लाइट जाणार होती. त्या सालात ती रोज जायची आणि त्याबाबतीत ती कधी चुकली नाही.

"लावा ना मग," कोणीतरी म्हणालं.

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी उठले आणि 'सीडीच्या विलंबाची कारणे' यावर बोलू लागले. रिळं, मालक, मुहूर्त. हिरोच्या तब्येतीवर आले तेव्हा मी खोकलो.

मागून आवाज आला, "कोन्ता सिनेमा म्हनता, भाऊजी? थो घोड्यावाला?"

ही शेवंता, सायत्राची धाकटी बहीण, सिरोंच्याची. तिथे नदी ओलांडली की तेलुगू मुलूख. तिनं पिशवीतून ब्लाउजपिसात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. सीडी होती. वर तोच हिरो, तोच घोडा आणि अक्षरं तेलुगू.

"चार सालं झाली याले निघून," शेवंता म्हणाली. "नदीपारच्या बाजारात बांगडीवाल्याकडं भेटते. बोलनं तेलुगूत टाकलं हाय, चित्र तेच. कार्डात लिवलं होतं म्हणून आनली. तुमच्या भरवशावर कोन राहीन?"

दहा महिने आम्ही मुंबईकडे तोंड करून बसलो, आणि सीडी आमच्या पाठीमागे, नदीपलीकडे, बांगड्यांच्या दुकानात टांगलेली होती! गुरुजींनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "हे अधिकृत नाई," म्हणाले. "संग्रहात धरता येत नाई."

"तुमी नोका धरू, गुरुजी," शेवंता म्हणाली. "प्लेयरात धरू द्या."

"मले आंधी काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी विचारलं कवा? ताई माह्याकडं आली का दरसाल पाहे. पोट धरून हासे. मी म्हनो, भाऊजीले घेऊन जा न दाखवाले. तं म्हने, राहू दे, झोपू दे त्याले."

सगळा मांडव हसला. माझ्या दोन बाजूंना विलासनं दोन धिप्पाड भाचे बसवले. माझी मान पडली की कोपर मारायचं, एवढंच त्यांचं काम.

सिनेमा सुरू झाला. सगळे तेलुगू बोलू लागले आणि शेवंता उलगडून सांगू लागली.

"थो म्हनते, आई, मी लढाईले जातो."

"मंग आई काय म्हनते?"

"जेवून जा म्हनते."

पावणेतीनला विलास घाबरला. त्यानं पहिली सीडी काढून त्याच पाकिटातली दुसरी टाकली आणि पुढे पळवली. बाजार आला. हिरोइन लाजत लाजत पुढे, मागे टोपल्या घेतलेल्या पाच बाया. आणि तिसरी सायत्रा. एकोणीस वर्षांची. नाकात माझ्या आईनं दिलेली चमकी. मला कोपराची गरज पडली नाही.

चार बाया हिरोइनीकडे पाहत होत्या. सायत्रा पाहत नव्हती. ती डावीकडे पडद्याबाहेर कोणावर तरी डोळे वटारत होती, एक हात टोपलीला आणि दुसरा हात हलवत, जशी दारात आलेली बकरी हाकलावी. हट. हो तिकडे.

"कोनाले हाकलून राह्यली?" आत्यानं विचारलं.

विलासनं चित्र थांबवलं. पडद्याच्या डाव्या काठावर एक कोपर होतं, आणि त्या हातात डेपोचा हातोडा.

सगळा मांडव टीव्हीवर वाकला. मग आत्या म्हणाली, "हा तं आपला तुळशीराम हाय."

तेव्हा आठवलं. शूटिंग पाहायला मी डेपोतून हातोड्यासकट गेलो होतो. कंपनीच्या साहेबानं बघ्यांना दोराच्या मागे उभं केलं होतं, आणि मी बायको नीट दिसावी म्हणून दोराच्या पुढे सरकलो होतो. जे घरी करते तेच, म्हणायची ती. घरीही मी चुलीपुढे आडवा आलो की हाच हात हलायचा. चाळीस वर्षांनी अर्थ लागला, आणि तोही सगळ्या सासुरवाडीसमोर.

"पुन्हा लाव रे विलास," लोक म्हणाले. त्यानं पुन्हा लावलं. आठ वेळा तिनं मला हाकललं. नवव्या वेळी तिचा हात वर गेला आणि लाइट गेली.

शेवंता सीडी इथेच ठेवून गेली, आणि विलासनं घरी टीव्ही-प्लेयर आणला. युसूफभाई आणि गुरुजी अजून हिंदीची वाट पाहतात. हिरोला मात्र माझ्याकडून उदंड आयुष्य. मी रोज सकाळी चहा झाला की खुर्ची टीव्हीपुढे घेतो आणि तेवढाच तुकडा लावतो. संसारात तिचं एकदाही ऐकलं नाही, म्हणून आता ऐकतो. तिनं हात हलवला की खुर्ची वीतभर बाजूला घेतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पाहतो. या चालीनं पुढच्या पोळ्यापर्यंत मी अंगणात पोचेन.