मनकर्णेचे झुमके

लग्न होऊन पांढुर्ण्याला आली तेव्हा प्रेमलतानं नवऱ्याचं तोंड नीट पाहायच्या आधी सवतीचं पाहिलं. माप लवंडून आत पाऊल टाकलं, मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर ती. काळ्या-पांढऱ्या फोटोत. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, मान थोडी कलती, डोळे असे की कोणाला तरी आत्ताच गाडीत बसवून आली आहे. आणि कानात तीन-तीन पदरांचे लोंबते झुमके. मेलेल्या बाईनं इतकं देखणं असू नये. मागून येणारीनं मग काय करावं?

ती मनकर्णा, कवडूची पहिली बायको, तिगावची लेक. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तापानं गेली. प्रेमलताचं माहेर लोधीखेड्याचं, आणि तिथं तिचं नाव सुगंधा होतं. कवडूनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'प्रेमलता' लिहिलं आणि सुगंधा तिथंच सरली. तांदूळ मात्र दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले.

दुसरेपणावर आलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची रीत आहे. चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. नवं लुगडं नेसायच्या आधी टाकाला दाखवायचं, सणाचा पहिला घास तिला. ती खूश तर घर खूश. आणि पितृपंधरवड्यात अहेव नवमी आली की तिच्या नावाचं ताट वाढायचं. जी कुंकवासकट नवऱ्याआधी गेली, तिचा तो दिवस. नवरा जिवंत आहे तोवरच हे ताट. तो गेला की तिचंही जेवण बंद.

प्रेमलतानं यात कधी कुचराई केली नाही. खीर, पुरण, वडे, सगळं फोटोपुढं मांडायची आणि हात जोडायची. हात जोडताना नजर मात्र झुमक्यांवर जायची. कवडूनं तिला स्वतःला कानात काड्यांच्या वरचं काही केलं नव्हतं. पहिलीला एवढे झुमके केले, तर ते गेले कुठं? तिनं तोंडानं कधी विचारलं नाही. मनाशी ठरवलं की तिगावला, मनकर्णेच्या धाकट्या बहिणीकडं, देवकाबाईकडं असतील. म्हणून देवकाबाई कधी आली की प्रेमलता चहा द्यायची, पण साखर हात राखून.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मुलगा हेमराज पोटात होता तेव्हापासून फोटोतली ती स्वप्नात यायला लागली. स्वप्नातही तिला रंग नसायचा. काळी-पांढरीच यायची, पुढच्या खोलीत उभी राहायची, झुमके हलायचे, ओठ हलायचे, पण बोललेलं काही समजायचं नाही. प्रेमलतानं मनाची समजूत घातली की मेलेल्यांची बोली वेगळी असेल, आपल्यालाही शिकावी लागेल कधीतरी.

मागच्या घरात वेगळंच होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी कोणीतरी बसलेलं वाटायचं. भिंतीकडं तोंड करून. तोंड कधी दिसलं नाही, पण भाकरी थापताना पाठीला गारवा लागून कळायचं. ठेच्याच्या भांड्यावरची झाकणी सकाळी बाजूला सरकलेली असायची. सासूनं मांजराचं नाव घेतलं, पुढं सुनेनं उंदराचं घेतलं. ठेचा खाणारं मांजर प्रेमलतानं तरी जन्मात पाहिलं नव्हतं. एकच बाई पुढच्या खोलीत बोलते आणि मागच्या दाराशी मुकी बसते, हे कसं, असं कधी मनात आलंच, तर ती टाकाला कुंकू लावायची आणि कामाला लागायची.

अशीच पन्नासेक वर्षं गेली. टाकावरचं नाकडोळ्यांचं चित्र घासून घासून गुळगुळीत झालं.

गेल्या उन्हाळ्यात कवडूला लकवा मारला. एक बाजू गेली, वाचा गेली. खाट पुढच्या खोलीत टाकली, तर त्याची नजर नेमकी फोटोवर. दिवसभर तो तिकडंच पाहत राही. प्रेमलता त्याला वरणभात भरवी आणि मनात म्हणे, खा माझ्या हातचं आणि पाहा तिच्याकडं. डॉक्टरनं हेमराजला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. हेमराजनं ते आईला सांगितलं नाही, पण संत्र्याचा बगीचा सोडून रोज दुपारी बापाजवळ येऊन बसायला लागला, त्यावरून तिला जे कळायचं ते कळलं. म्हणजे यंदाची अहेव नवमी बहुतेक शेवटची.

नवमी तोंडावर आली असताना हेमराजची लेक प्रणाली नागपूरहून सुट्टीला आली. आजोबांच्या खाटेशी बसून मोबाइल पाहत होती. एकाएकी उठली आणि मोबाइल भिंतीवरच्या फोटोशेजारी धरून उभी राहिली.

"आजी, ही कोण आहे सांग."

प्रेमलतानं चष्मा लावला. तीच कलती मान, तेच डोळे, तेच झुमके. फक्त डोक्यावर पदर नाही, कपाळ मोकळं, खांदे उघडे. तिनं पटकन मोबाइलवर तळवा ठेवला. आजोबा पाहून राहिले होते.

"काहून व, तुह्या मोठ्या आजीचा पदर कोणी काढला?"

"ही मोठी आजी नाही. अमेरिकेची हिरोइन आहे, जुनी. व्हेरा हॅलम."

मग प्रणालीनं मोबाइलमधलं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. बाप कोळशाच्या खाणीत होता, जसे आपल्याकडचे परासियाला जातात. आई लोकांचे कपडे धुवायची. पोरगी सोळा-सतराची असताना सिनेमा कंपनीच्या माणसाच्या नजरेत भरली. कंपनीनं तिचं घरचं नाव काढून टाकलं आणि हे ठेवलं. प्रेमलतानं विचारलं, तांदळात लिहिलं का? प्रणाली हसली. कंपनीनं भुवया काढून वर नव्या रेखल्या. गाल आत जावेत म्हणून चांगल्या दाढा उपटल्या. मग काही वर्षं तिचंच राज्य होतं. ज्या सिनेमात ती शेवटी मरायची तो जास्त चालायचा, म्हणून कंपनी तिला दरवेळी मारायची, कधी विषानं, कधी क्षयानं, एकदा जहाज बुडवून. झुमकेही कंपनीचेच, काचेचे. फोटो झाला की काढून ठेवायचे.

पस्तिशी आली तशी कंपनीनं तिच्यासारखीच दिसणारी दुसरी पोरगी आणली.

"म्हंजे सवत," प्रेमलता म्हणाली.

नवरे तीन झाले, टिकला एकही नाही. मूल नाही. शेवटी एका मोठ्या दुकानात हातमोजे विकायची. गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही त्या व्हेरा हॅलमसारख्या दिसता. ती म्हणायची, सगळे असंच म्हणतात. भाड्याच्या खोलीत एकटी मेली. प्रेत न्यायला कोणी आलं नाही.

"कधी मेली?"

"सत्त्याहत्तरमध्ये. पप्पा झाले ना, त्याच वर्षी."

प्रेमलताचा हात गळ्यातल्या टाकावर गेला. स्वप्नातली बाई काय बोलायची ते का समजत नव्हतं, हे आता कळलं. कळून बरं काही वाटलं नाही.

हेमराजला सांगितलं तर तो म्हणाला, काढून टाक तो फोटो, गावाला कळलं तर हसतील. प्रेमलताला गावाच्या हसण्याचं काही नव्हतं. गाव कशालाही हसतं. तिला काळजी दुसरीच लागली होती. ताट मनकर्णेच्या नावाचं, आणि मांडलं या बाईपुढं. मग मनकर्णा जेवली कुठं? एवढ्या नवम्या उपाशी गेल्या आणि हातात आता एकच उरली. कवडू वर जाईल तेव्हा ती दारातच उभी असेल, आणि त्याला विचारेल.

तिनं कवडूजवळ बसून हळूच विचारलं, "ही मनकर्णा नव्हे ना हो?" त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. लकव्यानं तसंही ते येतच असे, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येईना.

दुसऱ्या दिवशी प्रणालीला घेऊन ती ऑटोनं तिगावला गेली. स्टेशनाजवळ देवकाबाईचं घर. आत पाय ठेवला आणि प्रेमलता दारातच थांबली. देवकाबाईच्या भिंतीवरही तोच फोटो होता, झुमक्यांसकट.

"आज कशी वाट चुकली, बाई?" देवकाबाईनं पाणी देत विचारलं. वयानं ती प्रेमलताहून आठ-दहा वर्षांनी लहान, शिवाय बहिणीच्या जागी आलेली म्हणून ती प्रेमलताला मोठ्या बहिणीसारखी बाई म्हणायची.

प्रेमलतानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. प्रणालीनं मोबाइल दाखवला. देवकाबाई हसली नाही, रडली नाही. मग सांगायला लागली. मनकर्णेचा जिवंतपणी एकही फोटो नव्हता. ती गेल्यावर कवडू भाऊजी सौंसरच्या फोटोवाल्याकडं गेले आणि तोंडी वर्णन सांगितलं: नाक सरळ, डोळे मोठे, कपाळ रुंद. फोटोवाल्यानं आठवड्यानं हा दिला; पदर-कुंकू त्यानंच रंगवलं असणार. घरात सगळे रडून राहिले होते. फोटो पाहून आणखी रडले. सुतकाच्या घरात ही आमची नव्हे असं कोण म्हणेल? गोरी कशी दिसते, असं कोणीतरी म्हणालं, तर दुसरं म्हणालं की फोटोत सगळेच गोरे येतात. त्याचीच एक प्रत तिच्या बापानं तिगावला आणली.

"अन् झुमके?" प्रेमलतानं विचारलं.

"मले वाटे तुह्याजवळ आहेत."

"मले वाटे तुह्याजवळ."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या ओघळलेल्या कानांकडं पाहत राहिल्या. मग देवकाबाईनं पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. प्रेमलताही हसली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. ते पाणी नंतर लवकर थांबलं नाही.

"देवका, खरी कशी दिसे व ती?"

देवकाबाईनं डोळे मिटले. फलाटावरून एक मालगाडी गेली, सगळी गेली, तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"दिसत नाही, बाई," ती म्हणाली. "मी लहान होती. डोळे मिटले की हेच तोंड येते. त्या फोटोनं खाऊन टाकलं तिले. सावळी असल. मी सावळी आहे, तं तीबी असल."

म्हणजे मनकर्णेचं तोंड जगात कोणाजवळच उरलं नव्हतं. असलं तर एका कवडूजवळ, आणि त्याला वाचा नव्हती.

"दुसरं काही आठवते?"

"जेवाले मागच्या दाराशी बसे, भिंतीकडं तोंड करून. दाढ किडकी होती तिची. गोड लागलं की कळ जाये, वाकडं तोंड कोणाले दिसू नये म्हणून. भाकर अन् ठेचा असला की बाकी काही नको."

प्रेमलताच्या पाठीवरून तोच ओळखीचा गारवा गेला. या वेळी तो तिगावात जाणवला, एवढंच. ती म्हणाली, "देवका, नवमीले ये. ठेचा तू कर. तुह्या हाताची चव तिले ओळखू येईल." देवकाबाई विधवा. अहेव नवमीच्या स्वयंपाकाला विधवेचा हात चालत नाही म्हणतात. प्रेमलतानं ते ऐकून घेतलं नाही.

नवमीला दोन ताटं वाढली. फोटो भिंतीवरून निघाला नव्हता. त्याच्यापुढं नेहमीचं ताट, खीर, पुरण, वडे. पण ताट वाढलं की नाव घ्यावं लागतं, आणि त्या बाईचं घरचं नाव प्रणालीला कुठं सापडलं नव्हतं. कंपनीनं दिलेल्या नावानं जेवायला बोलवायचं प्रेमलताच्या जिवावर आलं. ती थोडी थांबली, मग म्हणाली, "सुगंधा, जेव माय. इतकी वर्षं आली, आता काय हाकलू तुले?"

देवकाबाई दचकली. "जिवंतपणी आपलं नाव मेलेलीले देते का?"

"वापरात नाही ते," प्रेमलता म्हणाली. "पडूनच आहे."

दुसरं ताट मागच्या दाराशी, भिंतीकडं तोंड करून. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. फोटो नाही, हार नाही. गळ्यातला टाक काढून प्रेमलतानं पाटावर ठेवला. त्यावर तोंड नव्हतंच, तेही एका परीनं बरं होतं. "मनकर्णा," तिनं हाक मारली, "उशीर झाला."

मग ती पुढच्या खोलीत येऊन कवडूच्या खाटेशी बसली, मागच्या दाराकडं पाठ करून. घर गप होतं. देवकाबाईनं प्रणालीचा हात घट्ट धरला होता.

कवडूची नजर फोटोवर होती. ती हळूहळू हलली. महिनोनमहिने न वळलेली मान त्यानं ओढून ओढून वळवली, फोटोवरून, प्रेमलतावरून, तिच्या खांद्यापलीकडं, स्वयंपाकघराच्या चौकटीतून मागच्या दाराकडं. तिथंच ती थांबली. त्याचे ओठ एकमेकांवर मिटले, जसे 'म' म्हणायला मिटतात, आणि चांगल्या बाजूचा गाल हसला. असा हसताना प्रेमलतानं त्याला पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

मागून भांड्यावरची झाकणी सरकल्याचा आवाज आला.

प्रेमलतानं वळून पाहिलं नाही. जेवणाऱ्या माणसाच्या ताटात पाहू नये, हे तिला आईनं शिकवलं होतं.