शर्यतीच्या बैलाचा खुराक

पोलीस भरतीत उतरायचं मी ठरवलं तेव्हा वडिलांनी अट घातली : दोनदा प्रयत्न कर, नाही जमलं तर लग्न. मुलगा त्यांनी हेरूनच ठेवला होता. तो कांदापोहे खायला एकदा येऊन गेला, तेव्हापासून तर मला आणखीच जोरात पळावंसं वाटू लागलं.

अट घातली तरी तयारी मात्र त्यांनीच अंगावर घेतली. बैलगाडा शर्यतीचं त्यांना भारी वेड. बेल्ह्याच्या बाजारात बैलाची मांडी चाचपून ते सांगायचे, हा शर्यतीत पळेल, हा नांगर ओढेल. पोरीचं काय वेगळं असणार! शर्यतीच्या बैलाला शेतकामाला लावत नाहीत, म्हणून माझं घरकाम बंद झालं. बैलाला दूध, उडीद, अंडी; मलाही तेच. संध्याकाळी डिंभ्याच्या रस्त्यावर एक सुसाट धाव, की लगेच विश्रांती. मी लोळत पडले की आई भांडी आपटायची.

"आवो, पोरीला जरा हलू द्या की!"

"शर्यतीचं जनावर कुनी नांगराला जुपतं का?" वडील म्हणायचे.

एवढं सुख मी जन्मात भोगलं नव्हतं.

भरतीच्या मैदानावर छोट्या अंतरात मी सगळ्यांच्या पुढे. गोळाही झकास गेला. कुंपणाबाहेर वडील अनोळखी लोकांना खुराक समजावून सांगत होते. मग लांबची धाव सुरू झाली. पहिल्या फेरीत मी पुढे होते, दुसरीत पाय जड झाले, आणि त्यानंतर सकाळची सगळी अंडी मी मैदानालाच परत केली. मागून आलेली एक किडकिडीत पोरगी "चल ताई, चल" म्हणत निघून गेली. तिचा मला भयंकर राग आला.

जुन्नरच्या कॉलेजातले खेळाचे सर ओळखीचे होते. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. स्नायूंत मुख्यतः दोन जातींचे तंतू असतात, ते म्हणाले. पहिले झटक्यात जोर लावतात, वेग देतात, गोळा फेकायला ताकद आणि वेग एकदम लागतो तेव्हा तेच कामाला येतात. पण लवकर दमतात. दुसरे सावकाश, पण चिवट.

"म्हंजी शर्यतीचा आन् नांगराचा," वडील म्हणाले.

"हो, पण दोन्ही एकाच अंगात. तुम्ही नांगराच्या बैलाला गोठ्यातच बांधून ठेवलंत."

दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनी मला आईच्या ताब्यात दिलं.

एसटीचा भरवसा नसल्यामुळे आई रोज दुधाची किटली डोक्यावर घेऊन लांबच्या डेअरीपर्यंत चालत जायची. मी शेजारून पळायचं ठरलं. चढावर मला धाप लागली, आणि ही बाई नाकासमोर चालत अख्ख्या भावकीची उणीदुणी काढत होती.

"आगं, हूं तरी म्हन की!"

हूं म्हणायला श्वास कुठला उरला होता!

पुढच्या भरतीत मी पास झाले. वडिलांनी गावभर पेढे वाटले आणि सगळं श्रेय अंड्यांना दिलं. मी मात्र निकाल कळताच आधी आईला सांगायला रस्त्यावर धावले होते. ती किटली घेऊन निघाली होती. ऐकलं, पण थांबली नाही.

"लई बरं झालं," ती म्हणाली. "आता दूध न्यायला मी येकलीच."

रडवेलं तोंड दिसू नये म्हणून तिनं चाल वाढवली, आणि सरकारनं पळण्यात पास केलेली मी तिला गाठता गाठता दमून गेले.